शिवरात्रीचं दळण

आमच्या घरात महाशिवरात्रीला जितकं खाल्लं जाई तितकं दिवाळीतही खाल्लं जात नसे, आणि तरी संध्याकाळी सगळे एकमेकांकडे बघून म्हणत, "आज पोटात काही नाही." सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, सोबत रताळ्याचा कीस, उपवासाच्या भाजणीचं थालीपीठ, गूळ घालून वाटलेली कवठाची चटणी, चारच्या सुमाराला राजगिऱ्याचा लाडू आणि केळं, आणि एवढं सगळं पचावं म्हणून वर ताक. आमचे वडील, दादा, ढेकर देऊन म्हणत, "एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, पण शिवरात्र तिची थोरली बहीण." आई त्यांच्याकडे रागानं बघे आणि त्यांच्या पानात आणखी एक थालीपीठ टाके.

उपवासाला काय चालतं आणि काय चालत नाही, याचं शास्त्र आमच्या गल्लीत घरागणिक बदलत असे. आमच्याकडे जिरे चालत आणि कोथिंबीरही चाले. दोन घरं सोडून वैद्यकाकू राहत, त्यांना जिरे चालत पण कोथिंबीर अजिबात नाही. समोरच्या घरात कोथिंबीर चाले, मात्र फोडणीत हळद पडली तर सगळी भाजी गाईला. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद हे सगळे समुद्रापलीकडून जहाजात बसून आलेले पाहुणे आहेत, हे मला पुढे कॉलेजात कळलं. हे पाहुणे थेट देवाच्या नैवेद्यात, आणि आपल्याच मातीतले गहू-ज्वारी मात्र त्या दिवशी उंबऱ्याबाहेर. मोठा शोध लावल्यासारखं मी हे घरी येऊन सांगितलं, तर आई शांतपणे म्हणाली, "पाहुण्यांना आधी वाढतात." आता माझी नात जवळजवळ रोजच उपवास करते. तिच्या उपवासात देव नसतो, मोबाइलमधलं घड्याळ असतं. ते वाजलं की ती जेवते. तिच्यापुढे आमची शिवरात्र म्हणजे चंगळच होती.

आमची पिठाची गिरणी होती. नाशकात रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत, पुढे गिरणी आणि मागे आमच्या दोन खोल्या. गिरणी सुरू झाली की मांडणीवरची भांडी थरथरत. पट्ट्याला जोड होता, तो चाकावरून गेला की टप् असा आवाज येई, आणि त्या टप्-टप् वर मी सगळे पाढे पाठ केलेले आहेत. गिरणी बंद असली तरी आम्ही सवयीनं ओरडूनच बोलत असू, त्यामुळे आमच्या घरात सदा भांडण चालतं असा नव्या भाडेकरूंचा समज होई. गिरणीचा एक नियम मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होता. कुणाचंही दळण असो, दगडात आधीच्याचं थोडं पीठ उरलेलं असतंच, ते पुढच्याच्या डब्यात येतं. म्हणून ज्वारीनंतर गहू टाकायला कुणी तयार नसे, आणि हरभऱ्याच्या मागे नंबर लागला की बायकांना अचानक घरची कामं आठवत.

यामुळेच उपवासाच्या दळणाचा थाट मोठा. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी गिरणी बंद होई. दादा वरचा दगड उतरवत, कुंच्यानं दोन्ही दगड झाडत, कापडानं पुसत. आई जमीन धुऊन काढी. मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फक्त भगर, राजगिरा, शिंगाडा आणि उपवासाची भाजणी. बाकी धान्याचे डबे कोपऱ्यात, गोणपाटाखाली. पलीकडच्या आळीत दोन नव्या गिरण्या निघाल्या होत्या, पण उपवासाचं दळण म्हटलं की तिथल्या बायकासुद्धा डबा कमरेवर घेऊन आमच्याकडे येत. याचं कारण दादा नव्हते. कारण होतं अक्काआत्या.

अक्काआत्या ही दादांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. गिरणीच्या वरच्या पेटीत धान्य ओतायचं काम तिचं. फळीवर चढून ती डबा उचले, चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळी आणि निकाल देई. "हे ओलं आहे, उन्हात घालून आण." "ह्यात खडे आहेत, तुझ्या सुनेला निवडायला बसव." सुनेसमोरच म्हणे. मात्र उपवासाच्या दळणाला ती बोटही लावत नसे. लोकांच्या उपवासाच्या धान्याला गिरणीतला हात लागायचा नाही, असा तिनंच नेम केला होता. डबा उचलायचा आणि सरळ वर ओतायचा. हा नेम कुठल्या पोथीत आहे असं दादांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "माझ्या." स्वतः ती शिवरात्रीला पाण्यावर राही. आमच्या घरात तिला कधी कुणी वावगं बोललं नाही, पण काम केल्याशिवाय ती पानावर बसत नसे. तापानं फणफणली असली तरी डबे ओतून येई, मग जेवे. "बसून खाणाऱ्या बहिणीचं ओझं होतं," असं ती मला एकदा केस विंचरता विंचरता म्हणाली होती. मला तेव्हा ते कळलं नाही. मी म्हटलं, "आत्या, जरा हळू, दुखतंय."

शिवरात्रीची कहाणी दर वर्षी वैद्यकाकू सांगत. दिवेलागणीला त्यांच्या ओटीवर बायका जमत, कहाणी होई आणि मग सगळ्या मिळून पूल ओलांडून पंचवटीत कपालेश्वराच्या दर्शनाला. व्याधाची कहाणी सगळ्यांनाच पाठ होती. दिवसभर शिकार न मिळालेला उपाशी व्याध पाण्याकाठच्या बेलाच्या झाडावर चढून बसतो. खाली महादेवाची पिंड आहे हे त्याला माहीत नसतं. नेम दिसावा म्हणून तो पानं तोडून खाली टाकतो, ती पिंडीवर पडतात. हरणी येते. ती म्हणते, पाडसांना भेटून येते, मग मार. तो सोडतो. ती खरंच परत येते, पाठोपाठ सगळं कुटुंब येतं, "आधी मला मार" म्हणत. व्याधाचा हात खाली येतो. त्याला नकळत उपवास घडलेला असतो, जागरण घडलेलं असतं, पूजाही घडलेली असते. महादेव प्रसन्न. वैद्यकाकू हरणीचा आवाज इतका हुबेहूब काढत की समोरच्या घरातल्या आजोबांचेही डोळे ओले होत. आता मला वाटतं, त्या स्वतःही दर वर्षी रडण्यासाठीच सांगत असाव्यात.

माझं त्या वयात सगळ्यात वाकडं चालणारं डोकं. एका वर्षी मी मध्येच विचारलं, "काकू, व्याधानं काय केलं? त्याला शिकार मिळाली नाही म्हणून उपाशी राहिला. शब्द पाळला तो हरणीनं. मग उपवास हरणीच्या नावानं का नाही?" वैद्यकाकू म्हणाल्या, "शके, तुझी आई तुला कवठाची चटणी जास्त देते." पण परत येताना पुलावर अक्काआत्यानं माझा दंड धरला आणि म्हणाली, "बरोबर विचारलंस." तिनं माझा दंड घरापर्यंत सोडला नाही. ती हल्ली चालताना कुणाचा तरी दंड धरते, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या वर्षीची गोष्ट. शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी हौसाबाई आल्या. ह्या इगतपुरीच्या. त्यांची लेक आमच्या मागच्याच घरात दिलेली. स्वतःच्या शेतातल्या भाताची कणी, म्हणजे तुटका बारीक तांदूळ, त्या लेकीला पापड्यांसाठी घेऊन आल्या होत्या. दादा म्हणाले, "सण झाल्यावर दळू," आणि त्यांनी डबा कोपऱ्यात ठेवला. आता, धुतलेली कणी आणि भगर शेजारी शेजारी ठेवली तर चांगल्या डोळ्यांचा माणूसही क्षणभर थबकतो. सकाळी रांग लागली. गोणपाट सरकलं होतं, कोपऱ्यातला डबा पुढे आला होता. अक्काआत्यानं झाकण काढलं, पांढरं बारीक धान्य पाहिलं, बोट लावलं नाही आणि ओतलं. शिवरात्रीचं पहिलं दळण तांदळाचं निघालं, आणि रांगेच्या गडबडीत खाली पीठ भरणाऱ्या दादांनाही ते कळलं नाही. त्याच्या पाठोपाठ वैद्यकाकूंची भगर आणि त्यामागे अख्खी गल्ली.

हे कळलं दुपारी, सगळ्यांची थालीपिठं पोटात गेल्यावर. गिरणी बंद करून दादा हात धूत होते तेव्हा हौसाबाई डोकावल्या. स्वतःचा डबा उघडून बघितला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अगं माय, दळून बी ठिवलं! म्या म्हनलं, सन झाल्याबिगर काय व्हत नाय. लय बारीक निघालंय वो. पापड्या झ्याक व्हतील."

"कसलं दळण, हौसाबाई?" अक्काआत्यानं विचारलं.

"कनीचं की. आमच्या भाताची कनी हाय ती."

हौसाबाई आशीर्वाद देत निघून गेल्या. आम्ही चौघं गिरणीत उभे. मग दादांना राहवेना. ते बोटांवर हिशेब करू लागले. "पहिला नंबर वैद्यकाकूंचा, म्हणजे मूठभर तांदूळ त्यांच्या वाट्याला. त्यांच्यामागे समोरचे, त्यांना चमचाभर. मग चिमूट. शेवटच्या घरापर्यंत पाप पोचलंच नसेल, दमून वाटेतच बसलं असेल."

"आणि आपलं दळण?" मी विचारलं.

"गिरणीवाल्याचं दळण नेहमी शेवटी. आपण निर्मळ!" दादा हसले. मीही हसले. आईनं पदर तोंडाला लावला. अक्काआत्या फळीच्या काठाला धरून उभी होती, ती हसली नाही.

"मी बोट लावलं असतं तर कळलं असतं," ती म्हणाली.

"तेच तर," दादा म्हणाले. "एवढं सोवळं पाळलंस म्हणून उपवास मोडला. शिवली असतीस तर वाचला असता." ते चेष्टेतच म्हणाले, पण बोलून झाल्यावर त्यांचाच चेहरा उतरला.

आई म्हणाली, "वन्सं, आता खाऊन झालंय. कुणाला कळलंय? राहू द्या."

"हरणी परत आली नसती," अक्काआत्या म्हणाली, "तर व्याध काय तिच्या मागे रानात जाणार होता?"

"अक्का, तिथं जीव जाणार होता. इथं थालीपीठ आहे."

"तुझं थालीपीठ असेल, वसंता." एवढं म्हणून ती आत गेली आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसली. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. दादा दोनदा आत जाऊन आले. सांगितलं तर पुढच्या वर्षी गल्ली डबे नव्या गिरणीत नेईल याची त्यांना काळजी नव्हती असं नाही, पण त्याबद्दल ते अक्षर बोलले नाहीत. मला म्हणाले, "तिच्याबरोबर राहा."

दिवेलागणीला ओटी भरली. वैद्यकाकूंनी पाटावर बसून घसा खाकरला, तेवढ्यात अक्काआत्या उभी राहिली. माझा दंड तिनं घट्ट धरला होता. "कहाणीच्या आधी माझं ऐका," ती म्हणाली. "आज पहिलं दळण मी तांदळाच्या कणीचं काढलं. चुकून. त्याच्या मागे तुमची सगळ्यांची दळणं गेली. तुमचा उपवास माझ्या हातानं मोडला. वैद्यवहिनी, तुमचा सगळ्यात जास्त."

मग मागून समोरच्या घरातल्या नव्या सुनेचा बारीक आवाज आला, "मग आता पोळी खाल्ली तर चालेल का?" तिच्या सासूनं तिच्याकडे असं काही बघितलं की बिचारी खांबामागे गेली. पण दोघी-तिघी हसल्या, आणि हसू ओटीभर पसरत गेलं. वैद्यकाकू मात्र गंभीर होत्या. त्यांच्या मनात शास्त्र चाललेलं दिसत होतं. मला वाटलं, आता ह्या बाई कोथिंबिरीवरून भांडणाऱ्या, ह्या काय सोडतात. शेवटी त्या म्हणाल्या, "व्याधाला नकळत पुण्य लागलं, ते आपण दर वर्षी डोळे पुसत ऐकतो. मग नकळत गेलेला तांदूळ देव पोटातून मोजून काढणार आहे का? आमचा उपवास शाबूत आहे. राहता राहिलीस तू. तर तुला वाटत असेल पाप लागलं, तर महादेवाला तरी कुठं सुटलं होतं? ब्रह्महत्या लागली होती. एका गोऱ्ह्यानं वाट दाखवली, रामकुंडात बुडी मारली, सुटला. तो गोऱ्हा म्हणजे नंदी, तो महादेवाचा गुरू झाला म्हणून तर आपल्या कपालेश्वरासमोर नंदी बसवत नाहीत. उद्या पहाटे गंगेवर जा, एक बुडी मार, झालं."

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेवर एक बुडी हा आमच्याकडे सगळ्या रोगांवरचा उतारा. सगळ्यांना वाटलं, मिटलं. अक्काआत्या तशीच उभी राहिली.

"काय झालं?" वैद्यकाकूंनी विचारलं.

"पायऱ्या दिसत नाहीत मला," अक्काआत्या म्हणाली.

ती हे इतक्या हळू म्हणाली की मागच्यांना ऐकूच गेलं नाही, आणि तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. "डोळ्यांनी दिसत नाही. दोन्ही. वर्ष झालं. डबे मी त्यांच्या पोच्यांवरून ओळखते. हौसाबाईंचा डबा नवा होता." तांदूळ सांगताना तिचा आवाज खणखणीत होता. हे सांगताना तिची बोटं माझ्या दंडात रुतली. मला तेव्हा कळलं की दिवसभर ती पापाला भीत नव्हती. फळीवरून कायमचं खाली उतरायला भीत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्या वर्षी वैद्यकाकूंनी हरणीचा आवाज काढला नाही. कहाणी भराभर उरकली, आणि पुलावरून जाताना अक्काआत्याचा दुसरा दंड त्यांनी धरला.

दुसऱ्या दिवसापासून अक्काआत्या गिरणीत गेली नाही. मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसे. त्या दिवसांत आम्ही जितके खडे खाल्ले तितके जन्मात खाल्ले नसतील. दादांच्या दाताखाली कचकन वाजे, ते आईकडे बघत, आणि गिळत. "आज भात छान झालाय," एवढंच म्हणत. मी आजतागायत कुणाला इतक्या प्रेमानं खोटं बोलताना ऐकलेलं नाही. मग एकादशीच्या आदल्या दिवशी वैद्यकाकू भगरीचा डबा घेऊन आल्या. वर फळीवर दादांना बघून त्यांनी डबा खाली ठेवलाच नाही. "अक्का नाही? मग राहू दे. तिला म्हणावं डोळे करून घे, तोवर मी साबुदाण्यावर काढते." आतल्या खोलीत अक्काआत्याचं निवडणं थांबलेलं मला दिसलं. संध्याकाळी दादांनी विषय काढला, तेव्हा तिनं नेहमीसारखं "माझं काय राहिलंय आता" वगैरे काही म्हटलं नाही. "कधी जायचं?" एवढंच विचारलं.

मोतीबिंदू होता. तेव्हा आतासारखं सकाळी जाऊन दुपारी घरी असं नव्हतं. आधी एक डोळा, मग दुसरा, हिरव्या पट्ट्या, डोकं हलवायचं नाही, मोठ्यानं खोकायचं नाही. हसायचंही नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून दादांना तिच्या खोलीत बोलायची बंदी होती. एवढे दिवस गिरणीत वर आणि खाली दोन्ही कामं दादाच करत होते. डबे उचलायचे, चढायचं, ओतायचे, उतरायचं, पीठ भरायचं. माझी परीक्षा होती, आई अक्काआत्यापाशी. दादांची कुरकुर कुणी ऐकली नाही, कारण त्यांनी ती केलीच नाही.

जाड भिंगांचा चष्मा आला त्या सकाळी अक्काआत्या पहिल्यांदा पुढे आली. उंबऱ्यात उभी राहून तिनं गिरणी बघून घेतली. छताची जळमटं, पट्ट्यावरचं ठिगळ, कोपऱ्यातला पिठाचा थर. "वसंता, ही गिरणी आहे की कोळ्यांचं माहेर?" तिनं विचारलं. रांगेतल्या बायका हसल्या. दादा फळीवर उभे होते, ज्वारीचा डबा छातीशी धरून. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. भिंगांमागे तिचे डोळे फार मोठे दिसत होते.

"अरे," ती म्हणाली, "तुझे केस कधी पिकले?"

"पीठ आहे ते, अक्का," दादा म्हणाले. "झटकलं की जातं."

ती पुढे गेली. फळीवर चढली. पदर हातावर गुंडाळून तिनं दादांच्या डोक्यावरून झटकलं. थोडं पीठ उडालं. तिनं पुन्हा झटकलं, मग कानशिलावरून, मग पुन्हा एकदा. दादा मान खाली घालून उभे राहिले, लहान मुलासारखे. अक्काआत्यानं त्यांच्या हातातून डबा काढून घेतला आणि म्हणाली, "सर बाजूला. बस जरा."

आणि आमचे दादा, जे आयुष्यात कुणाचं ऐकत नसत, खाली उतरून स्टुलावर बसले.